ओटीतली मोकळी जागा

भावसार सर उलटे चालत नसत. हे मी सुरुवातीलाच सांगून टाकतो, कारण आज जळगावात त्यांची आठवण निघालीच तर ती तिथूनच निघते. 'ते उलटं चालणारे पेंटर ना?' असं म्हणून माणूस आधी हसून घेतो. मग माझं डोकं फिरतं आणि माझी बायको मला कोपराने ढोसते. मी त्यांच्याबरोबर एका शाळेत गणित शिकवलं, जळगावच्याच पिंप्राळ्यात त्यांच्या भिंतीला भिंत लावून राहिलो, रोज सकाळी त्यांच्या स्कूटरवर मागे बसून शाळेत गेलो. सर तुमच्याआमच्यासारखे सरळ चालत. जरा घाईघाईने, खाली बघत, एवढंच.

जे खरोखर विचित्र होतं ते कोणाच्या ध्यानातच राहिलं नाही. चित्राला बसण्यापूर्वी ते मनगटावरचं घड्याळ काढत आणि चित्राच्या घोडीच्या पायाला बांधून टाकत. घोडी म्हणजे चित्र उभं करायची लाकडी तिकाटी. मी एकदा विचारलं, "सर, हे काय?" तर म्हणाले, "वेळ बघायची ती घोडी बघेल. मी का बघू?" यात विनोद करण्याचा त्यांचा काही हेतू नव्हता. घड्याळ हातात असलं की त्यांना खरंच रंग सुचत नसे.

दुसरी सवय अशी की ज्याचं चित्र काढायचं त्याला ते रीतसर खुर्चीवर बसवत. मग तो रेल्वेचा कंदील असो, पायताण असो की वांगं असो. आमच्याकडे भरिताची वांगी चांगली मोठी, हिरवट पांढरी. असं एक वांगं त्यांच्या बैठकीतल्या एकुलत्या एक खुर्चीवर आठवडाभर बसून होतं. सरांची बायको, जिला सगळी गल्ली अक्का म्हणायची, तिचं माहेर नरडाण्याकडचं, बोलणं पक्कं अहिराणी. मी गेलो तर मला बसायला पाट देत ती म्हणाली, "बसा भाऊ. या घरमा वांगाले खुर्ची, अन् मान्सासले पाट!" वांगं सुरकुतलं, काळं पडलं, शेवटी वास मारायला लागलं, तेव्हा चित्र पूर्ण झालं. चित्रात वांग्याला लहान लहान खिडक्या होत्या आणि आत दिवे लागले होते. एका खिडकीत कोणीतरी कपडे वाळत घालत होतं. वांगं मात्र इतकं खरं की देठाचा काटा बोटाला टोचेल असं वाटावं.

अशा स्वप्नातल्यासारख्या चित्रांसाठी सर्रिअलिझम वगैरे शब्द मी नंतर कुठेतरी वाचले. सरांनी ते कधी उच्चारले नाहीत. त्यांचे वडील भुसावळला रेल्वेत होते आणि हे रेल्वेच्या चाळीत वाढले. चित्रकलेची परीक्षा देऊन मास्तर झाले, आणि जे दिसे ते काढू लागले. त्यांना जरा जास्त दिसे, एवढाच काय तो फरक.

माणूस मात्र रडका नव्हता, हेही सांगायला हवं. आमच्याकडे लग्नघराच्या भिंतीवर पेंटरकडून नवरानवरीचं नाव लिहून घ्यायची पद्धत होती. बाजूला केळीचे खांब, भालदार, हत्ती. गल्लीतल्या एका लग्नात पेंटर आलाच नाही म्हणून सरांना गळ घातली. त्यांनी सुरेख हत्ती काढला आणि त्याच्या चारी पायांत कोल्हापुरी चपला घातल्या. मुलीचा बाप तणतणत आला. सर शांतपणे म्हणाले, "तात्या, लग्नाला येतोय तो. अनवाणी कसा येईल?" तात्या हत्तीकडे बघत राहिले, मग पोट धरून हसले. तो हत्ती त्यांनी कितीतरी दिवाळ्या चुना न देता जपला.

आणि एकदा शाळेत तपासणीला साहेब आले. एका पोराने तांब्याचं चित्र काढलं होतं, तांब्याची सावली मात्र पगडी घातलेल्या माणसाची पडली होती. साहेब म्हणाले, "सावली चुकली आहे." सर म्हणाले, "नाही साहेब. तांब्या त्याच्या आजोबांचा आहे. अजून सावली त्यांचीच पडते." साहेबांनी चित्र पुन्हा हातात घेऊन पाहिलं. हेडमास्तरांना घाम फुटला होता, पण पोराला शाबासकी मिळाली. असं होतं सरांचं. लोक त्यांना हसत, पण हसून झाल्यावर थोडे थांबत. मला त्या थांबण्याचं फार मोल वाटतं.

आता त्या मोठ्या चित्राकडे येतो. ते त्यांच्या बैठकीत समोरच्या भिंतीला होतं. लग्न झालं त्या वर्षी अक्का म्हणाली, माझं एक चित्र काढा. तेव्हापासून ते चालू होतं. भुसावळच्या यार्डासारखे रुळांचं जाळं, त्याच्या मधोमध पाटावर हिरवं लुगडं नेसून बसलेली अक्का. ओटी भरून घ्यायला बसलेली बाई पुढ्यात पदर धरून बसते ना, तशी. आजूबाजूचे सगळे सिग्नल माना वाकवून तिच्या पदरात बघताहेत. आणि पदरात काही नाही. म्हणजे रिकामा पदर असा नाही. तिथे तळहाताएवढी जागा रंगाविना तशीच सोडलेली, पांढरी.

सरांच्या बऱ्याच चित्रांत अशी एखादी जागा असे. न दिसलेलं काढायचं नाही, हा त्यांचा नेम. दिसलं की महिन्याने, वर्षाने भरत. अक्काच्या ओटीतलं मात्र दिसत नव्हतं. त्यांना मूलबाळ नव्हतं. गल्लीने परस्पर ठरवून टाकलं होतं की मूल झालं की ते तिथे येणार. मग मूल झालं नाही आणि जागा राहिली, तेव्हा बाया ते चित्र बघून हळहळत. मीही तसंच समजत होतो. एकदा बोलून गेलो, तर सर माझ्यावर उखडले. "मूलच असेल हे तुम्हाला कोणी सांगितलं? मला अजून दिसलेलं नाही, आणि तुम्हाला दिसलं होय!" अक्का आतून म्हणाली, "जे दखाई ते काढतीन, भाऊ. माले काय घाई शे?" आणि खरंच तिला घाई नव्हती. रोज सकाळी ती फडक्याने ते चित्र पुसायची, आणि त्या पांढऱ्या जागेवरून फडकं जरा सावकाश फिरायचं. आपल्या ओटीत नवरा काय घालणार आहे, याची ती इतकी वर्षं आनंदाने वाट बघत होती. जिच्या आयुष्यात आता काही व्हायचं उरलेलं नाही असं बाहेर सगळ्यांनी धरून टाकलं होतं, तिच्यासाठी घरात एक गोष्ट अजून व्हायची होती.

सरांचं एकच दुःख होतं. चित्रं कोणी बघत नसे. धुळ्याला एकदा त्यांनी एक हॉल घेऊन प्रदर्शन मांडलं. मी सोबत होतो. दिवसभरात उन्हाने कावलेले एक आबा आत आले, खुर्चीत बसले आणि चित्रासमोर घोरू लागले. सरांनी त्यांना उठवू दिलं नाही.  परतताना एसटीत मात्र पारोळ्याच्या पुढे म्हणाले, "महाजन, चित्र वाईट म्हटलं तर चालेल हो. पण कोणीतरी बघायला पाहिजे."

या भुकेच्या वेळी सुभाष आला. सुभाष त्यांचा जुना विद्यार्थी. लग्नाचं व्हिडिओ शूटिंग करायचा. त्या काळात त्याच्याशिवाय पिंप्राळ्यात मंगलाष्टकं सुरू होत नसत. हार घालताना कॅमेऱ्याची कॅसेट अडकली तर हा नवरानवरीला हार काढून पुन्हा घालायला लावायचा. पाठवणीच्या वेळी उजेड कमी पडला तर नवरीच्या आईला पुन्हा रडायला लावायचा, आणि त्या रडायच्याही. पोरगं वाईट नव्हतं. सरांच्या पाया पडल्याशिवाय उंबरा ओलांडत नसे.

"सर, आपण एक कॉमेडी फिल्म काढू," तो म्हणाला. "एका चक्रम पेंटरची. 'आमना पेंटर', आमचा पेंटर, असं नाव ठेवू. हिरो तुम्हीच. नेहमीसारखी फिल्म नाही, एकदम वेगळी."

"आणि चित्रं?" सरांनी विचारलं.

"चित्रं तर पाहिजेतच ना! सर, लग्नाच्या कॅसेटी लोक घरोघर बघतात. तुमची चित्रंबी अशीच घरोघर जातील. पब्लिक पागल होऊन जाईल."

घरोघर या शब्दावर सर विरघळले. विनोदी असायला त्यांची हरकत नव्हती. हत्तीला चपला घालणारा माणूस तो.

शूटिंग त्यांच्याच घरात सुरू झालं. सगळी गल्ली खिडकीला लोंबकळायची, मीही त्यात होतो. पहिल्याच दिवशी अडचण आली. सरांच्या खऱ्या सवयी कॅमेऱ्यात विनोदी दिसेनात. घोडीला बांधलेलं घड्याळ टीव्हीवर दिसतच नव्हतं. वांगं खुर्चीवर बसवलं तर ते नुसतं ठेवलेलं वाटत होतं. सुभाष म्हणाला, "सर, काहीतरी ॲक्शन पाहिजे. असं करा, चित्रापासून उलटं चालत मागे या, खुर्चीला धडका, अन् वांग्याला नमस्कार घाला."

"मी असं करत नाही रे."

"तुम्ही नाही हो सर, पेंटर करतो."

सरांनी थोडा विचार केला. मग म्हणाले, "बरोबर. तुझ्या कामात तू गुरू." आणि उलटे चालत आले, धडकले, नमस्कार घातला. खिडकीतली पोरं खदाखदा हसली. सरांनी मान वळवून खिडकीकडे पाहिलं. त्या बघण्यात मला काहीतरी खटकलं. आजवर त्यांच्या कशालाही इतकी दाद इतक्या झटपट मिळाली नव्हती. सुभाषने ते पुन्हा करायला लावलं, पुन्हा, आणखी एकदा. दर वेळी सर आधीपेक्षा सफाईने धडकले आणि दर वेळी खिडकीकडे पाहिलं.

शेवटचा प्रसंग असा ठरला होता की पेंटरचं अडलेलं चित्र पूर्ण होतं. चित्र अर्थातच अक्काचं. सर म्हणाले, "ती जागा मला दिसली नाही अजून."

"मग बघून घ्या ना सर. पण या आठवड्यात. लगीनसराई लागते, मग कॅमेरा मोकळा नाही."

दोन घरांत एकच भिंत. त्या दुपारचं बोलणं माझ्या बायकोने आणि मी आमच्या स्वयंपाकघरात ऐकलं. सर विचारत होते, "काय काढू मी?"

"तुमले दखायनं का?" अक्काचा आवाज.

"नही."

"मंग नका काढू. इतला साल ऱ्हायनं रिकामं, आखो ऱ्हाई."



शूटिंगच्या दिवशी ते ब्रश घेऊन चित्रापुढे उभे राहिले. घड्याळ काढायला लागले तर सुभाष ओरडला, "सर, घड्याळ असू द्या! आधीच्या शॉटमध्ये हातात आहे." तेव्हा ते हातातच राहिलं. हातात घड्याळ असताना त्यांनी ब्रश उचललेला मी त्या दिवशी प्रथम पाहिला. बराच वेळ ते नुसते उभे. खिडकीतले लोक चुळबुळायला लागले. सुभाषने इकडेतिकडे पाहिलं, खुर्चीवरचं वांगं त्याला दिसलं आणि तो आनंदाने ओरडला, "सर, वांगं! ओटीत वांगं टाका ना!"

खिडकीत हशा पिकला. सरांनी खिडकीकडे पाहिलं. मग ब्रश रंगात बुडवला आणि काढलं. हात कसलेला होता. बघता बघता अक्काच्या पदरात भरिताचं एक तुकतुकीत वांगं आलं. दुर्दैव असं की ते उत्तम आलं. वाकड्या माना करून बघणाऱ्या सगळ्या सिग्नलांना जणू वांगंच बघायचं होतं, असं आता वाटू लागलं.

अक्का स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. लोक पांगल्यावर ती पुढे आली. "ओलं शे, आतेच पुशी टाका," एवढंच म्हणाली.

सरांनी लगेच चिंधी घेतली, टर्पेंटाइनची बाटली उघडली. सुभाषने हात धरला. "अक्का, आज नको. चित्राचा जवळून एक शॉट उद्या घ्यायचाय. आत्ता पुसलं तर जुळणार नाही. उद्या शॉट झाला की खुशाल पुसा."

सर म्हणाले, "उद्या पुसतो मी. त्याच्या कामाचं आहे." दुसऱ्या दिवशी सुभाषला भुसावळच्या एका लग्नाचं बोलावणं आलं. त्याला लागून दुसरं आलं. सर रोज त्याची वाट बघत आणि चित्राला हात लावत नसत, कारण शब्द दिला होता. सुभाष आला तेव्हा रंग खडखडीत वाळून गेला होता.

गणपतीत मंडपासमोर टीव्ही लावून फिल्म दाखवली. सरांना पुढची खुर्ची, शेजारी अक्का, नवं लुगडं नेसून. सर पडद्याकडे कमी आणि मागे वळून लोकांकडेच जास्त बघत होते. लोक त्यांची चित्रं बघत होते ना! हेच तर त्यांना हवं होतं. लोक हसत होते, त्यांनी हसायला हरकत नव्हती, पण हसून झाल्यावर कोणी थांबत नव्हतं. पुढचं हसू तयारच होतं. शेवटी ओटीतलं वांगं टीव्हीभर मोठं झालं आणि मंडप नुसता फुटला. मी हसलो का? हो, सगळ्यांबरोबर तोंडातून निघालं ते. सरही हसत होते. एकटी अक्का हसली नाही. ती हात पदरात घेऊन बसली होती.

कॅसेट घरोघर गेली, सुभाषने थाप मारली नव्हती. धुळ्यात गेली, भुसावळच्या रेल्वे कॉलनीत गेली. सर स्कूटरवरून उतरले की पोरं ओरडत, "सर, उलटं!" आधी ते रागावत. मग एखाद्या पोराचं मन मोडू नये म्हणून दोन पावलं चालून दाखवत. वर्गात चित्रकलेच्या तासाला मुलं बाकं वाजवून मागणी करू लागली. हेडमास्तरांनी समज दिली. लग्नांची बोलावणी मात्र वाढली, आणि कुठल्याच लग्नात कोणी त्यांना हत्ती काढायला सांगितला नाही.

त्यांनी ते वांगं खरवडलं. मी स्वतः पाहिलं, पात्याने खरवडून त्यांनी ती जागा पुन्हा पांढरी केली होती. काही दिवसांनी गेलो तर तिथे वांगं होतं. आधीच्याहून चांगलं.

"हे काय सर?"

"काय करू, महाजन? त्या जागेकडे बघितलं की आता तेच दिसतं. दुसरं काही दिसतच नाही." हे ते हळू आवाजात बोलले, आत अक्का होती म्हणून.  मला त्यांच्याकडे बघवेना.  चहा न घेताच घरी आलो.

संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. तिथली गोष्ट बायकोने मला रडत सांगितली. अक्काची ओटी भरताना एका नव्या सुनेने गंमत म्हणून पदरात तांदळाबरोबर एक वांगं सोडलं. बाया तोंडाला पदर लावून हसल्या.  अक्काने पदराची गाठ मारली, सगळ्यांना नमस्कार केला आणि ती घरी आली. रात्री त्याच वांग्याची भाजी केली आणि सरांना वाढली. त्यानंतर पिंप्राळ्यात असेपर्यंत अक्का कोणाच्या हळदीकुंकवाला गेली नाही, आणि कोणाला आपली ओटी भरू दिली नाही.

पुढे मी धुळ्याच्या शाळेत बदलून गेलो. सरांनी मुदतीआधीच नोकरी सोडली आणि दोघं अक्काच्या गावी राहायला गेली, असं कळलं. जाऊ जाऊ म्हणत काही वर्षं गेली. मग एका उन्हाळ्यात आम्ही दोघं नवराबायको एसटीने गेलो.

घर साधं, शेणाने सारवलेलं अंगण, निंबाखाली खाट. सर खाटेवर होते. मला ओळखलं, प्रेमाने हात धरला, शाळेतल्या सगळ्यांची चौकशी केली. मला हायसं वाटलं. घरात ते चित्र दिसलं नाही. नंतर बायको म्हणाली, आत धान्याच्या कोठीमागे आहे, तोंड भिंतीकडे करून. आम्ही बोलत होतो तेवढ्यात गल्लीतली पोरं आली. "आबा, पेंटर करा ना!" आणि सर उठले. उलटे चालत अंगण ओलांडलं, खाटेला धडकले, वळून हात जोडले. कोणी कॅमेरा धरला नव्हता. पोरांनी टाळ्या वाजवल्या आणि ते परत निघाले.

अक्का माझ्याजवळ येऊन उभी राहिली. केस पिकले होते. ती हळूच म्हणाली, "भाऊ, तुम्ही त्यासले पहिलेपाईन वळखतस. त्या पहिले बी असाच उलटा चालेत का?"

मी तिच्याकडे बघतच राहिलो. ती माझी परीक्षा घेत नव्हती. तिला खरंच खात्री करून घ्यायची होती.

"नाही अक्का. कधीच नाही."

"नही ना?" तिने सुस्कारा सोडला. "माले बी तसंच वाटे."

निघायची वेळ झाली तशी अक्काने माझ्या बायकोची ओटी भरली. सुवासिनीला तसंच कसं पाठवायचं? मग माझ्या बायकोने आपल्या ओटीतला नारळ हातात घेतला आणि म्हणाली, "अक्का, आता तुम्ही बसा. मी भरते." अक्का नको नको म्हणाली. माझी बायको हट्टी. शेवटी अक्का अंगणातच पाटावर बसली आणि तिने पदर पुढ्यात पसरला.

पोरांसाठी उलटे चालणारे सर चालता चालता थांबले. पोरं ओरडत होती, पण त्यांचं तिकडे लक्ष नव्हतं. ते अक्काकडे बघत होते. मग त्यांनी मनगटावरचं घड्याळ काढलं आणि वाकून खाटेच्या पायाला बांधलं.  "बस," ते अक्काला म्हणाले, "हालू नको." आवाज आमच्या पिंप्राळ्याच्या सरांचा होता. माझी बायको नारळ धरून तशीच वाकलेली, अक्का पदर पसरून तशीच बसलेली. पोरंसुद्धा होती तिथे थांबली. सर डोळे बारीक करून त्या पदराकडे बघत राहिले. अक्काने डोळे मिटून घेतले होते. मी मनात म्हणत होतो, दिसू दे, देवा, काहीतरी दिसू दे.

सरांचा चेहरा उजळला. ते माझ्या बायकोला म्हणाले, "वहिनी, वांगं टाका!"

आणि हसले. हसून पोरांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. पोरांना काही कळलं नव्हतं, ती हसली नाहीत. मी हसू शकलो नाही. सरांचं हसू एकटं पडलं आणि ते गोंधळून एकेका तोंडाकडे बघू लागले.

तेव्हा अक्काने डोळे उघडले आणि ती हसली. मोठ्याने, पदर हलेल इतकी हसली. सरांना बरं वाटलं. माझ्या बायकोने नारळ तिच्या ओटीत ठेवला, तरी ती हसतच होती.